पोथीतला पाठभेद आणि जनुकांचे उघडे प्रोग्राम

मागच्या भागांत आपण तंजावूरच्या भोसल्यांच्या लढाया पाहिल्या, तह पाहिले, भाऊबंदकीही पाहिली. आज तलवार बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे संगणकाच्या प्रोग्रामांविषयी, आणि तेही जीवशास्त्रातल्या. डीएनएचा क्रम वाचायचा, दोन प्राण्यांची जनुके शेजारी ठेवून ताडून पाहायची, एखादा विषाणू कुठून कुठे पसरला त्याचा माग काढायचा, या कामांसाठी जे प्रोग्राम लागतात ते. या शास्त्राला बायोइन्फर्मेटिक्स म्हणतात, मराठीत जैवमाहितीशास्त्र. तंजावूरजवळ तिरुमलैसमुद्रम इथल्या शास्त्र विद्यापीठात हा विषय शिकवला जातो. तिथली मुले जे प्रोग्राम वापरतात त्यांतले पुष्कळसे 'ओपन सोर्स' असतात. म्हणजे प्रोग्राम तर मिळतोच, पण तो ज्या ओळींनी लिहिला आहे त्या मूळ ओळीही मिळतात. कुणीही त्या वाचाव्यात, चूक काढावी, दुरुस्त कराव्यात आणि पुढे द्याव्यात.

हा निवृत्त फौजी सरस्वती महालाच्या दारात उभा राहून जनुकांवर काय बोलतोय, असे वाटत असेल तर थोडा धीर धरा. ही गोष्ट इथूनच सुरू करता येते, आणि शेवटी परत पोथ्यांकडेच येते.

सरस्वती महाल हे राजवाड्याच्या आवारातले ग्रंथालय. पोथ्यांचा संग्रह नायक राजांच्या वेळचा. १६७६च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे इथे गादीवर आले आणि संग्रह भोसल्यांकडे आला. पण त्याला आजचे रूप दिले ते दुसऱ्या सरफोजीराजांनी. १७९८ साली ते गादीवर बसले आणि १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजाच्या हाती उरला किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख. ज्याच्याकडे फौज नाही, महसूल नाही, असा राजा दिवसभर करणार काय? या राजाने पुस्तके जमवली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथ मागवले. १८०५च्या सुमारास देवनागरी छापखाना चालवला, तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती. १८२० साली लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले आणि परतताना पोथ्या आणल्या. ज्या विकत मिळाल्या नाहीत त्या उतरवून घेतल्या.

'उतरवून घेतल्या' हा शब्द लक्षात ठेवा. पोथी म्हणजे नक्कल. मूळ ग्रंथकाराच्या हातची पोथी जवळपास कधीच मिळत नाही. आपल्या हाती असते ती नकलेच्या नकलेची नक्कल. आणि नकलनवीस चुकतो. ओळ गाळतो, 'ध' चा 'घ' करतो, समासात कुणी लिहिलेली टीप श्लोक समजून आत घेतो. कधी दोन पोथ्या समोर ठेवून मनाला येईल तो शब्द निवडतो. पण या चुका वाया जात नाहीत. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच विचित्र चूक सापडली, तर त्या दोघी एकाच आईच्या लेकी. चूक हीच वंशाची खूण.

या खुणेवर महाराष्ट्रात फार मोठे काम झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हाती घेतली. १९२५पासून प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुखटणकर. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकले होते, मग बर्लिनला जाऊन भारतविद्येकडे वळले. मला यात काही योगायोग वाटत नाही. त्यांनी पाठमिळवणीची जी पद्धत बसवली ती गणिती डोक्याचीच आहे. मोठा कागद घ्यायचा. वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक, एका चौकटीत एक अक्षर असा मांडायचा. त्याखाली प्रत्येक पोथीची आडवी ओळ. जिथे अक्षर जुळते तिथे काही नाही, जिथे वेगळे आहे तिथे ते वेगळे अक्षर त्याच उभ्या चौकटीखाली. उजवीकडे शेरे लिहायला जागा. असे हजारो कागद. ही मिळवणी एकट्या पुण्यात झाली नाही. पुण्याबाहेर दोन केंद्रे होती, एक शांतिनिकेतनात आणि दुसरे इथे, तंजावूरच्या सरस्वती महालात. ग्रंथ आणि तेलुगू लिपीतल्या दक्षिणी पोथ्या पुण्याला कोण वाचणार? त्या इथल्या पंडितांनी वाचल्या. १९६६ साली आवृत्ती पूर्ण झाली तेव्हा एकूण १,२५९ पोथ्या ताडून झाल्या होत्या.

आता त्या आवृत्तीचे कुठलेही पान उघडा. वर संपादकाने ठरवलेला पाठ. त्यातही ज्या शब्दाची पुरती खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ. आणि पानाच्या खालच्या भागात, बारीक टाइपात, कुठल्या पोथीत काय आहे त्याची यादी. काही पानांवर वर चार श्लोक आणि बाकी सगळे पान पाठभेदांनी भरलेले. सुखटणकरांनी निवाडा वर छापला आणि सगळा पुरावा खाली. उद्या कुणाला निवाडा पटला नाही तर त्याला पुण्याला येऊन कपाट उघडायची विनंती करावी लागणार नाही. पुरावा त्याच्या हातात आहे, त्याने स्वतः वेगळा निवाडा करावा. निवाडा आणि पुरावा एकत्र देणे, हाच ओपन सोर्सचा गाभा. शब्द नवा आहे, १९९८चा.

आता जनुकांकडे वळू. डीएनए हीसुद्धा चार अक्षरांत लिहिलेली पोथी आहे: ए, सी, जी, टी. प्रत्येक पिढीत तिची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. दोन जीवांत एकाच जागी एकच चूक दिसली की पूर्वज एक असल्याची शंका घ्यायची. तर्क तोच, पोथ्यांचाच. फरक एवढा की माणसाच्या एका पोथीत सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत, आणि एवढ्या चौकटी कागदावर आखायला कुठलेही पंडित पुरणार नाहीत. म्हणून संगणक. १९७० साली नीडलमन आणि वुन्श यांनी दोन क्रम एकाखाली एक जुळवायची गणिती रीत दिली. १९८८ साली डब्लिनमध्ये 'क्लस्टल' नावाचा प्रोग्राम आला, तो एका वेळी अनेक क्रम जुळवू लागला. क्लस्टलचे उत्तर पडद्यावर कसे दिसते सांगू? वर अक्षरांची एक ओळ, खाली दुसऱ्या जीवाची, खाली तिसऱ्याची, प्रत्येक अक्षर आपापल्या उभ्या रांगेत. सुखटणकरांचा मिळवणीचा कागदच जणू.

यातला पहिला दिलदार माणूस म्हणून मी जोसेफ फेल्सनस्टाइन यांचे नाव घेईन. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हे प्राध्यापक. जीवांची वंशावळ काढणारा 'फायलिप' हा प्रोग्रामांचा संच त्यांनी १९८०पासून मूळ ओळींसकट फुकट वाटायला सुरुवात केली. तेव्हा तो चुंबकी फितींवर पोस्टाने जायचा. त्या काळी या वाटण्याला काही खास नावही नव्हते.

पण सगळे असे नव्हते, आणि आता जी हकिकत सांगतो तिच्यासाठी हा भाग केला.

१९८२च्या सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन डेव्हरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांच्या कामाचा एक संच तयार केला. त्याला जीसीजी म्हणत. १९८४ साली त्यावर निबंध आला. त्याच्या लेखकांत ऑलिव्हर स्मिथीज होते, ज्यांना पुढे २००७ साली नोबेल मिळाले. हा संच व्हॅक्स नावाच्या संगणकावर चाले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. तो विकत मिळे, पण सोबत मूळ ओळीही मिळत. त्यामुळे युरोपातल्या शास्त्रज्ञांनी त्याला स्वतःचे प्रोग्राम जोडले. कुणाला एक सोय हवी, त्याने ती लिहिली. दुसऱ्याला दुसरी हवी, त्याने ती लिहिली. मूळ इमारत विस्कॉन्सिनची, पण माडी युरोपाची, असे ते घर झाले. दरम्यान जीसीजीची कंपनी झाली, कंपनी दुसऱ्या कंपनीकडे गेली, आणि मूळ ओळी देणे बंद झाले. प्रोग्राम विकत घ्या, चालवा, आत डोकावू नका.

ज्यांनी माडी बांधली होती त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना मला सिग्नल्समधल्या नोकरीमुळे चांगली येते. एका उंचावरच्या ठाण्यावर आमच्याकडे परदेशी बनावटीचा एक संच होता. उत्तम चालायचा. बिघडला की मात्र आमचा हवालदार, जो डोळे मिटून रेडिओ उघडून पुन्हा जोडायचा, तो हात बांधून बसायचा. कारण डबा सीलबंद. सील तोडले की हमी गेली. कंपनीचा माणूस यायचा तो खिंड उघडल्यावर. संच नादुरुस्त राहिला त्याचे मला एवढे वाईट वाटले नाही. हवालदाराची अक्कल वापरता आली नाही, त्याचे वाटले.

युरोपातल्या मंडळींनी सील तोडले नाही. त्यांनी घरच नवे बांधले. १९९६च्या सुमारास पीटर राइस, अॅलन ब्लीझ्बी आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडात, केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन गावी, सगळे पहिल्यापासून लिहायला घेतले. त्याचे नाव एम्बॉस. २००० साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. या वेळी त्यांनी प्रोग्रामला परवाना जोडला तो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली तयार केलेला, जीपीएल. त्याची अट साधी आहे: घ्या, वापरा, बदला, विका सुद्धा. पण पुढे द्याल तेव्हा मूळ ओळीही द्यायच्या आणि हीच अट पुढच्याला घालायची. म्हणजे नंतर कुणी कंपनी आली तरी आधी वाटलेले कुलूपबंद होत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशारीची चाल ही. फुकट वाटणारे दिलदार लोक आधीही होते, पण दिलदार माणूस निवृत्त होतो, विद्यापीठ बदलते, कंपनीचा मालक बदलतो. परवाना बदलत नाही.

एम्बॉसमध्ये लहान लहान शेकडो प्रोग्राम आहेत. त्यांत एक आहे 'अँटिजेनिक'. एखाद्या प्रथिनाचा नेमका कुठला तुकडा शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या नजरेत भरेल, याचा अंदाज तो देतो. लस किंवा तपासणीचे किट करणाऱ्याला हे आधी हवे असते. या प्रोग्रामच्या माहितीपानावर पद्धत कुणाची ते लिहिले आहे: कोळसकर आणि टोंगावकर, १९९०. पुण्याचे! अशोक कोळसकर आणि प्रसाद टोंगावकर. पुणे विद्यापीठात १९८७ साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या जाळ्यात बायोइन्फर्मेटिक्सचे केंद्र सुरू झाले होते. तिथे हे काम झाले. निबंध तीन पानांचा. त्यात वीस अमिनो आम्लांपैकी प्रत्येकाला एक आकडा दिलेला, आणि ते आकडे वापरून हिशेब कसा करायचा याची रीत. अचूकता सुमारे ७५ टक्के, असे लेखकांनीच सांगितले. तक्ता छापलेला होता, रीत छापलेली होती, म्हणून इंग्लंडातल्या माणसाला ती पुण्याला न विचारता प्रोग्राममध्ये बसवता आली. आणि पुण्याचे नाव त्याने काढून टाकले नाही. उघडेपणात श्रेय बुडते अशी पुष्कळांना भीती असते. इथे उलट झाले. जगात कुठेही कुणी तो प्रोग्राम चालवला की निबंधात दोन मराठी आडनावे लिहितो.

याच काळात मानवी जनुकसंचाची शर्यत लागली होती. ती हकिकत पुष्कळांनी ऐकली असेल, मी थोडक्यात सांगतो. एका बाजूला सरकारी पैशावर चाललेला आंतरराष्ट्रीय प्रकल्प, दुसऱ्या बाजूला सेलेरा ही खासगी कंपनी. प्रकल्पाकडे तुकडे होते, ते जोडणारा प्रोग्राम नव्हता. कॅलिफोर्नियात सांता क्रूझला जिम केंट नावाचा विद्यार्थी होता. त्याने सुमारे चार आठवड्यांत तो प्रोग्राम लिहिला. टाइप करून मनगटे सुजायची, ती बर्फात बुडवून तो पुन्हा बसायचा. २२ जून २००० रोजी जोडणी झाली, सेलेराच्या तीन दिवस आधी. ७ जुलैला ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवली. आता इथे फौजी काटेकोरपणाने एक गोष्ट सांगतो. माहिती उघडी असणे आणि प्रोग्राम उघडा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंटचा जनुक पाहण्याचा प्रसिद्ध प्रोग्राम अभ्यासकांना फुकट आहे, पण कंपन्यांना त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. पाटीवर 'फुकट' लिहिले म्हणून ओपन सोर्स होत नाही. दाराशी आत काय येऊ देतात ते वाचावे.

तिकडे पर्ल या संगणकी भाषेतल्या 'बायोपर्ल'ची आणि पायथन भाषेतल्या 'बायोपायथन'ची मंडळी एकमेकांच्या ओळी तपासत होती. २००० सालापासून अशा लोकांची दर वर्षी परिषद भरते. बायोपर्लचा एखादा भाग दुरुस्त करणारा माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या पदाचा, हे कुणी विचारत नाही. दुरुस्ती बरोबर आहे का, एवढेच पाहतात. सैन्यात असे चालत नाही, आणि चालूही नये. पण प्रयोगशाळा म्हणजे पलटण नव्हे.

आता परत पोथ्यांकडे. १९९८ साली 'नेचर' या साप्ताहिकात एक निबंध आला. चॉसर या जुन्या इंग्रजी कवीच्या 'कँटरबरी टेल्स'च्या हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्राच्या प्रोग्रामने काढली होती. लेखकांत जीवरसायनाचे ख्रिस्तोफर हाऊ आणि हस्तलिखितांचे पीटर रॉबिन्सन, अशी जोडी. जनुकांसाठी केलेले हत्यार पोथ्यांवर चालले. चालणारच, तर्क एकच आहे. मग काही वर्षांनी वेंडी फिलिप्स-रॉड्रिगेझ या संस्कृतच्या अभ्यासक हाऊ आणि हेदर विंड्रम यांना सोबत घेऊन महाभारताकडे वळल्या. त्यांनी निवडले द्यूतपर्व, म्हणजे सभापर्वातला जुगाराचा भाग. त्याची चिकित्सित आवृत्ती एजर्टन या अमेरिकन पंडिताने केलेली, पुण्याच्या योजनेतली.

त्यांना कुठला प्रश्न सोडवायचा होता? मघाशी म्हटले की नकलनवीस कधी दोन पोथ्या समोर ठेवायचा. कधी असेही व्हायचे की निम्मी पोथी एकीवरून उतरवली, पुढे ती मिळेना, मग उरलेली दुसरीवरून. अशा पोथीची आई कोण? अर्धी एक, अर्धी दुसरी. जनुकांतही नेमके हेच होते. दोन विषाणूंच्या जनुकांचे तुकडे एकत्र येऊन तिसरा बनतो. तो सांधा कुठे आहे हे शोधायला मेनार्ड स्मिथ या जीवशास्त्रज्ञाने १९९२ साली एक संख्याशास्त्रीय रीत दिली होती. फिलिप्स-रॉड्रिगेझ आणि मंडळींनी तीच रीत द्यूतपर्वाच्या पाठभेदांवर चालवली, नकलनवीसाने पोथी कुठे बदलली तो सांधा शोधायला.

हे कशामुळे शक्य झाले, याचा जरा विचार करा. पाठभेद छापलेले होते म्हणून. १९३०-४०च्या दशकांत बारीक टाइपात तळटिपा छापायला कागद आणि पैसा किती लागला असेल! त्या काळी कुणी म्हणालेही असेल की शुद्ध श्लोक तेवढा छापा, खालचा केर कशाला? पुढे जपानमधल्या क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी संपूर्ण महाभारत संगणकात उतरवून अभ्यासकांना दिले, हे उपकार मोठेच. पण उतरवला तो वरचा पाठ. वंशावळ काढणाऱ्याला हवा होता तो खालचा केर, आणि त्यासाठी छापील खंडच उघडावे लागतात. चुकीची नोंद ठेवण्यात पूर्वजांनी कंजुषी केली असती तर आजचा कुठलाही प्रोग्राम काही करू शकला नसता.

या उघड्या दुनियेची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही जाहिरात होईल. उघड्या प्रोग्रामलाही सांभाळणारा लागतो, आणि सांभाळणाऱ्याला पगार लागतो. एम्बॉसचे एक घर असलेली हिंक्स्टनची सरकारी संस्था २००५ साली बंद झाली. मंडळी शेजारच्या युरोपीय संस्थेत गेली, काम चालू राहिले, पण २०१३ नंतर एम्बॉसची मोठी आवृत्ती आली नाही. नवा प्रोग्राम लिहायला अनुदान मिळते, जुना नीट ठेवायला कुणी देत नाही. आपल्याकडे किल्ल्यांचे जे होते तेच. तरी फरक पाहा. जीसीजीची विक्रीही पुढे बंद झाली. जीसीजी आज चालवायचा तर कुठून आणणार? एम्बॉस मात्र आजही लिनक्सच्या कोठारातून एका आज्ञेत उतरतो, कारण मूळ ओळी ज्याच्या त्याच्या हातात आहेत आणि कुठेतरी कुणीतरी त्या नव्या यंत्रावर बसवून घेतो.

आणि सगळेच उघडे टाकावे का? मी आयुष्यभर कागदांवर 'गोपनीय' शिक्के मारले. मला हा प्रश्न पडणारच. त्याचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे, हळदीचे. जखम भरून यायला हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. आपल्या सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. कशाच्या जोरावर? आजी हळद लावायची, हे सांगून अमेरिकेतले कार्यालय ऐकत नाही. छापील पुरावा लागतो. तो संस्कृत ग्रंथांत आणि १९५३च्या एका वैद्यकीय मासिकात सापडला. म्हणजे छापून उघडे केले होते म्हणून वाचलो. त्यानंतर सरकारने पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह केला, पण तो बराच काळ फक्त पेटंट कार्यालयांनाच पाहता येत असे. यावर दोन मते आहेत. माझे मत असे की हल्ला होण्याची भीती असलेले ठाणे आणि हल्ला रोखणारा पुरावा, यांना एकच नियम लावता येत नाही. पुरावा जितक्यांच्या हाती, तितका बळकट.

तंजावूरला तर हे फारच लागू आहे. सरफोजीराजांनी इथे धन्वंतरी महाल चालवला होता. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी वैद्यकाचे जाणकार एकत्र ठेवून औषधे पारखून घेतली. त्यातून निघालेले तमिळ पद्यांतले ग्रंथ 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ओळखले जातात. मुरै म्हणजे रीत. त्यांतले अनेक भाग ग्रंथालयाने छापले. राजाकडे डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आहेत. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार काय केला, गुण आला की नाही, आणि सोबत डोळ्याची रंगीत चित्रे. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास करून निबंध लिहिला आहे. तिकडे चेन्नईच्याच गणितीय विज्ञान संस्थेत भारतीय औषधी वनस्पती आणि त्यांतली रसायने यांची इम्पॅट नावाची सूची तयार झाली. २०१८च्या पहिल्या आवृत्तीत १,७४२ वनस्पती होत्या, पुढच्या आवृत्तीत ४,०१० झाल्या. ती सगळ्यांना पाहायला खुली आहे. अशा सूचीत जुने ग्रंथ जातात ते छापलेले असतील तरच.

इथे अडचण येते ती लिपीची. सरस्वती महालातले मराठी दप्तर गठ्ठ्यांनी पडले आहे आणि ते मोडीत आहे. दप्तर कुणी लपवलेले नाही. १९१८पासून हे ग्रंथालय लोकांसाठी खुले आहे. पण मोडी वाचणारा, त्यातही तंजावूरच्या वळणाची मोडी वाचणारा आणि मधे येणारे तमिळ शब्द ओळखणारा माणूस शोधून काढावा लागतो. तंजावुरात आणि आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांत असे काही वडीलधारे आहेत. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग चालतात, त्यांतून शिकलेली मुले आहेत. ज्यांना वेळ आहे त्यांनी एक गठ्ठा घ्यावा, वाचलेले वर आणि न लागलेले शब्द खाली लिहावेत. नागमोडी रेघ मारायला लाजू नये.

पुढच्या भागात आपण बृहदीश्वराच्या देवळात जाऊ. तिथे भिंतीवर भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ साली, सरफोजीराजांच्या आज्ञेने. तो वाचायला परवाना लागत नाही, पण ऊन फार असते. सकाळी सातला निघू, टोपी आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.